हाक आधी, नाव मागून

कोकणातल्या आमच्या घरी दिवेलागणीच्या सुमाराला आत्या मागच्या दारी येऊन उभी राहायची. हातात ताटली, ताटलीत बांगड्याचे काटे आणि कालवणात कुस्करलेला भात. एकदा माडांकडे, एकदा गोठ्याच्या छपराकडे बघत ती हाक घालायची : मनी मनी मनी मनी. चार वेळा, कधी पाच वेळा, आणि दर वेळी शेवटचा ‘नी’ जरासा वर चढलेला. घरात मांजरं तीन होती आणि त्यांतल्या एकाचंही नाव मनी नव्हतं. एक तर चांगला दणकट बोका होता. तोही यायचा, किंबहुना तोच सर्वांत आधी यायचा. हीच आत्या दुधाच्या पातेल्याशी मांजर दिसलं की ओरडायची, “मने, थांब, दाखवते तुला!” म्हणजे रागावताना मांजर माणसांच्या व्याकरणात यायचं, त्याला रीतसर संबोधनाचं रूप मिळायचं. जेवायला बोलावताना मात्र तोच शब्द विभक्तीबिभक्ती सोडून नुसता घोळवला जायचा.

ही गोष्ट मी बरीच वर्षं आमच्या आत्याची लकब समजत होतो. मग कधीतरी पोलिश भाषेतला तपशील समोर आला. पोलंडमध्ये मांजराला बोलावतात ‘किची-किची’ असं. लाडातल्या मांजराला तिथे ‘किचा’ म्हणतात आणि त्याचं संबोधन होतं ‘किचू’. पण ताटली हातात असते तेव्हा किचू नाही, किची-किचीच. रत्नागिरीच्या परसदारी आणि पोलंडमधल्या अंगणात, एकमेकींची भाषा कधी कानावर न पडलेल्या दोन बायका मांजराशी बोलताना आपापल्या व्याकरणाला एकाच जागी बगल देतात, हे कळल्यावर मी या विषयाचा झालो. ज्यांना अजून व्हायचं आहे त्यांच्यासाठी ही प्रस्तावना.

विषयाला अजून धड नाव नाही. ‘प्राण्यांना घालायच्या हाका’ असं सरळ म्हणावं हे बरं. यात बोलावण्याच्या हाका आल्या, हाकलण्याच्या आल्या, थांबवण्याच्या, वळवण्याच्या आणि पाणी प्यायला लावण्याच्याही आल्या. बैल पाण्यावर नेला की शेतकरी हलकी शीळ घालतो, तीही यातच. मांजर हा या पसाऱ्यातला एक कोपरा, पण फार सोयीचा. बैलाला, घोड्याला, मेंढीला हाक घालणारा माणूस कामावर असतो. त्याच्या हाकेमागे कासरा किंवा काठी असते. मांजराच्या बाबतीत यातलं काहीच नाही. मांजर न आलं तर कुणी काही करू शकत नाही. त्यामुळे इथे हाकेला एकटीच्या बळावर काम करावं लागतं आणि ती कशी बनली आहे हे नीट दिसतं.

पहिला प्रश्न शाळेतल्या व्याकरणाच्या तासाचा आहे. ‘यू यू’, ‘हाड’, ‘छू’, ‘मनी मनी’ या शब्दांची जात कोणती? दादोबा पांडुरंगांचं मराठी व्याकरण 1836 साली आलं, तेव्हापासून आपल्या पिढ्यान्‌पिढ्या शब्दांच्या जाती पाठ करत आल्या आहेत. विद्यार्थ्याला कोंडीत पकडलं तर तो हाकांना केवलप्रयोगी अव्ययांत ढकलेल. पण केवलप्रयोगी अव्यय म्हणजे मनातली भावना एका उद्गारात बाहेर पडणं : अरेरे, शाबास, इश्श. कुत्र्याला ‘यू यू’ करणाऱ्या माणसाच्या मनात काही उचंबळून आलेलं नसतं. त्याला कुत्रं जवळ हवं असतं, इतकंच. घानाचे भाषावैज्ञानिक फेलिक्स अमेका यांनी 1992 साली उद्गारवाचकांवरच्या एका विशेषांकाचं संपादन केलं आणि त्यात ही गाठ बऱ्यापैकी सोडवली. बोलणाऱ्याची स्थिती सांगणारे उद्गार वेगळे आणि ऐकणाऱ्याकडून काहीतरी करवून घेणारे वेगळे, अशी त्यांची वाटणी आहे. हाका दुसऱ्या वाट्यात येतात. मला ही वाटणी पटते, पण तीही मांजराच्या शेपटीपर्यंतच पोचते असं वाटतं. कारण ‘ऐकणारा’ म्हणजे कोण हे तिनं गृहीत धरलेलं आहे.

मराठीनं या आवाजांना व्याकरणात जागा दिली नसली तरी क्रियापदांत दिली आहे. च् च् करून वासराला जवळ घेणं म्हणजे चुचकारणं. ‘हाड’ म्हणत राहणं म्हणजे हाडहूड करणं. माणसं हे माणसांनाही करतात. ‘हुसकावणं’ म्हणताना मला पाखरांमागचं ‘हुश् हुश्’ अजून ऐकू येतं. यातला च् च् तर मजेशीर आवाज आहे. जीभ दातांमागे चिकटवून ओढून सोडायची, श्वास बाहेर टाकायचा नाही. आपल्या वर्णमालेत याला अक्षर नाही. ‘च्’ लिहितो ती केवळ तडजोड. बैलगाडी हाकणारा गालाच्या बाजूनं जो आवाज काढतो त्याचीही तीच गत. दक्षिण आफ्रिकेतल्या झुलू आणि खोसा भाषांत मात्र हे चक्क रोजच्या शब्दांतले व्यंजनवर्ण आहेत; ‘खोसा’ या नावाचा पहिला वर्णच तसा आहे. आपण जो आवाज फक्त जनावरांसाठी आणि हळहळ व्यक्त करण्यासाठी राखून ठेवला, त्यावर दुसऱ्या कुणाचं आख्खं बोलणं चालतं. जगभरच्या हाकांत हे पुन्हा पुन्हा दिसतं की प्राण्यांशी बोलताना माणूस स्वतःच्या भाषेच्या कुंपणाबाहेर पाय टाकतो.

या सगळ्याची पद्धतशीर नोंद करावी असं वाटलेला पहिला महत्त्वाचा माणूस व्यवसायानं रसायनशास्त्रज्ञ होता. हेन्री कॅरिंग्टन बोल्टन हे अमेरिकन गृहस्थ वाळवंटात आणि किनाऱ्यांवर गुणगुणणाऱ्या वाळूचा अभ्यास करायचे. 1888 मध्ये त्यांनी मुलं खेळात राज्य कुणावर हे ठरवायला म्हणतात त्या गाण्यांचं पुस्तक काढलं आणि 1897 मध्ये ‘अमेरिकन अँथ्रोपॉलॉजिस्ट’मध्ये पाळीव प्राण्यांशी बोलताना वापरल्या जाणाऱ्या भाषेवर दीर्घ लेख लिहिला. वाळू, मुलं, मांजरं : ज्या आवाजांना कुणी भाषा म्हणत नाही ते ऐकायचा त्यांना नाद होता. पुढे हा धागा वारंवार सुटला आणि वारंवार कुणीतरी उचलला. जेम्स बायनन यांनी मोरोक्कोतल्या एका बर्बर जमातीतल्या पाळीव जनावरांच्या हाकांवर लिहिलेला, 1976 साली प्रसिद्ध झालेला निबंध आजही नव्या अभ्यासकानं आधी वाचावा असा आहे. एकच जमात, एकच मुलूख, पण जनावरं सगळी. आपल्याकडे एखाद्या तालुक्याचं असं काम व्हायला हरकत नव्हती.

आता मांजरांच्या हाका. मी त्यांची दोन घराणी मानतो. संगीतातल्याप्रमाणे इथेही काही जण दोन्हीकडे शिकलेले निघतात, पण सुरुवातीला एवढी विभागणी पुरते.

पहिलं म-घराणं. फ्रेंच लोक ‘मिनू-मिनू’ करतात, इटालियन ‘मीचो-मीचो’, जर्मन ‘मीत्स-मीत्स’, डॅनिश ‘मिस-मिस’, स्पॅनिश बोलणारे ‘मीस’ किंवा ‘मीची’, चिनी ‘मी-मी’. आमच्या आत्याची मनी याच घराण्यातली. यांचं मूळ उघड आहे. मांजराच्या तोंडातून निघतो तोच सूर माणसानं उचलला. हा म मांजराच्या नावांतही भरलेला आहे. प्राचीन इजिप्तच्या भाषेत मांजराला ‘मिऊ’च्या जवळपासचा शब्द होता, चिनीत ‘माओ’ आहे आणि मराठी लेकरू भाषा शिकायच्या आधी ‘माऊ’ शिकतं. ही तीन नावं एकमेकांची नातलग नाहीत. तिघांनी एकाच प्राण्याचं ऐकलं.

दुसरं स-घराणं, आणि ते खरं गूढ. रशियन ‘किस-किस’, स्वीडिश आणि फिनिश ‘किस-किस’, पोलिश किची-किची, चेक ‘चि-ची’, हंगेरियन ‘त्सित्स-त्सित्स’. दक्षिणेकडे सरकलं की सुरुवातीचा क जाऊन प येतो : रुमानियात ‘पिस-पिस’, तुर्कस्तानात ‘पिसी-पिसी’, ग्रीसमध्ये नुसतं ‘प्स-प्स-प्स’, इराणात ‘पीशी’. अरबीत प नसल्यामुळे ‘बिस-बिस’. उत्तर समुद्राच्या काठाला डच आणि नॉर्वेजियन ‘पूस-पूस’, इंग्रजी ‘पुस-पुस’. आणि आता फोनवरच्या चित्रफितींमुळे ते ग्रीक वळणाचं प्स-प्स-प्स पुण्यामुंबईच्या सोसायट्यांतही ऐकू येऊ लागलं आहे. कोणतंही मांजर स्वतःहून असा आवाज काढून कुणाला जवळ बोलावत नाही. मांजर स करतं ते फिस्कारताना. मग युरोपच्या अर्ध्या भागानं आणि पश्चिम आशियानं जवळ बोलावण्यासाठी नेमका धमकीचा आवाज कसा काय निवडला?

(कोरियन लोक या दोन्ही घराण्यांत बसत नाहीत. रस्त्यावरच्या अनोळखी मांजराला ते ‘नाबिया’ म्हणतात आणि ‘नाबी’ म्हणजे फुलपाखरू. असं का, यावर तिथे बरेच तर्क आहेत. मला कुठलाच तर्क नको आहे. मांजराला फुलपाखरू म्हणणारी माणसं पृथ्वीवर आहेत यातच मी खूश आहे.)

स-कडे परत येऊ. एक उत्तर कानाचं आहे. माणसाला साधारण 20 किलोहर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात. मांजराची वरची मर्यादा 85 किलोहर्ट्झच्या घरात जाते. उंदराची पिल्लं ज्या पट्टीत चिवचिवतात ती आपल्याला ऐकूही येत नाही, मांजराला येते. आपल्या तोंडातून निघणाऱ्या आवाजांत सर्वांत उंच पट्टीवर ऊर्जा असते ती स, श, त्स यांच्यात. शिवाय असा खसखसता, झटकन सुरू होणारा आवाज नेमका कुठून आला हे कानाला चटकन ठरवता येतं. बागेच्या पलीकडे झुडपात बसलेल्या मांजरासाठी म्हणूनच ‘स’ ही चांगली खूण आहे.

हे उत्तर बरोबर आहे, पण अपुरं आहे, आणि नवा अभ्यासक इथेच थांबला तर फसेल. कारण मांजराला हाकलायलाही हेच आवाज वापरले जातात. तुर्की माणूस ‘पिसी-पिसी’ करून बोलावतो आणि ‘पिस्त!’ करून हाकलतो. फारसीत ‘पीशी’ म्हणजे ये आणि ‘पिश्त’ म्हणजे चालती हो. स्पॅनिशमध्ये हाकलण्याच्या ‘सापे’ची सुरुवात स-नंच होते. मराठीत तर श-कडे इतकी खाती आहेत की मंत्रिमंडळात शोभावा. ‘शूऽ’ म्हटलं की गप्प बसा, ‘शुक् शुक्’ म्हटलं की इकडे बघा, आणि हाच श पाखरांवर ‘हुश्’ होऊन उडवून लावतो. आवाज एक आणि हुकूम उलटसुलट.

याची किल्ली पॅट्रिशिया मॅकॉनेल यांच्या कामात आहे. कुत्रे आणि घोडे हाताळणाऱ्या, वेगवेगळ्या भाषा बोलणाऱ्या लोकांचे आवाज त्यांनी गोळा केले आणि 1990 च्या सुमारास त्यावरचे निष्कर्ष मांडले. जनावराला पुढे यायला, वेग घ्यायला सांगायचं असेल तर माणसं आखूड आवाज भराभर पुन्हा पुन्हा काढतात. शांत करायचं, थांबवायचं असेल तर एकच लांब, सलग आवाज. शब्द कुठला हे गौण. त्यांनी कुत्र्याच्या पिल्लांना अशा दोन तऱ्हांच्या शिट्ट्यांवर शिकवून पाहिलं, तेव्हा आखूड आणि भराभर शिट्टीवर जवळ यायला शिकणं त्यांना सोपं गेलं. आता आत्याची हाक पुन्हा ऐका. मनी मनी मनी मनी. शब्द बाजूला काढला तरी ठेका उरतो, आणि तो ठेकाच मांजरापर्यंत जातो. पिसी-पिसी आणि पिस्त यांतला फरकही इथे आहे. पहिलं हलकं, जोडीजोडीनं येणारं आणि न तुटणारं. दुसरं एकदाच, टोकाला त्‌ लावून कडी घातल्यासारखं बंद केलेलं. भाषावैज्ञानिक सवयीनं वर्ण मोजत बसतात. हाकेत आधी ताल मोजावा लागतो.

माझ्या दृष्टीनं या विषयातला सर्वांत भरलेला भाग पुढचा आहे, आणि त्यासाठी घरातलंच एक उदाहरण घेतो. लहान मुलाला न्हाणीघरात उभं करून आई ‘शूऽऽ’ असा आवाज काढते. काही दिवसांनी मुलाला त्या आवाजानंच होते. आणखी काही दिवसांनी मूल स्वतः येऊन सांगतं, “आई, शू.” आणि मग मोठी माणसंही म्हणतात, “त्याला शू आली.” जो आवाज एक हुकूम होता, त्याचं बघता बघता स्त्रीलिंगी नाम झालं, त्याला ‘आली’ हे क्रियापदही जोडलं गेलं. कुणी ठरवलं नाही, कुणी समिती नेमली नाही.

मांजराचंही अनेक भाषांत असंच झालं आहे. रुमानियन भाषेत मांजराला साधा, रोजचा शब्द आहे ‘पिसिका’; ‘पिस’ ही हाक आणि त्याला लाडाचा प्रत्यय. हंगेरियन ‘त्सित्सा’ त्यांच्या त्सित्स-त्सित्समधून आली. म्हणजे आपण समजतो त्याच्या उलट. आपल्याला वाटतं, आधी वस्तूचं नाव ठरतं आणि मग त्या नावानं तिला बोलावतात. इथे आधी परसदारात हाक घुमली, आणि त्या हाकेला जे आलं त्याचं तेच नाव पडलं.

यातून इतिहास ऐकू येतो. अमेरिका खंडात स्पॅनिश लोक येईपर्यंत पाळीव मांजर नव्हतं. 1532 मध्ये ते पेरूत उतरले. त्यांच्या मागोमाग त्यांची मांजरंही आली. अँडीजमधल्या केचुआ भाषेत मांजराला शब्द आहे ‘मीची’ किंवा ‘मिसी’. स्पॅनिशमधलं मांजराचं नाव आहे ‘गातो’. केचुआ लोकांनी गातो उचलला नाही, मीची उचलला. म्हणजे परकं माणूस त्या परक्या प्राण्याला हाक घालताना त्यांनी ऐकलं होतं. तिकडे मेक्सिकोतल्या नहुआत्ल भाषकांनी मात्र स्वतःचा शब्द घडवला : प्यूमाला ते ‘मिस्तली’ म्हणत, तर हा ‘मिस्तोन’, छोटा प्यूमा. दोन्ही समाजांना एकाच शतकात, एकाच लोकांकडून मांजर मिळालं. एकानं प्राणी पाहून नाव दिलं, दुसऱ्यानं हाक ऐकून.

प्रशांत महासागरात हे आणखी ठळक आहे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून युरोपीय जहाजं त्या बेटांना लागू लागली. जहाजावर उंदीर, म्हणून जहाजावर मांजर. सामोआच्या भाषेत मांजराला ‘पुसी’ म्हणतात, टोंगातही पुसी, पापुआ न्यू गिनीच्या टोक पिसिनमध्ये पुसी, आणि फिजीत प-चा व होऊन ‘वुसी’. इंग्रजीत मांजराचं कोशातलं नाव ‘कॅट’, आणि ते नाव या किनाऱ्यांवर उतरलंच नाही. खलाशी धक्क्यावर उभे राहून मांजराला ‘कॅट’ म्हणून बोलावत नव्हते. ‘पुस-पुस’ करत होते. बेटावरच्या माणसानं जे ऐकलं ते लक्षात ठेवलं. एखाद्या बंदरात दोनशे वर्षांपूर्वी संध्याकाळी काय आवाज यायचा, हे कुठल्या कप्तानाच्या रोजनिशीत असो वा नसो, वुसी या शब्दात आहे.

आणि इथेच सावधगिरीची घंटा बांधायला हवी. कुणी बांधायची हा प्रश्न नको, मीच बांधतो. प आणि स एकत्र दिसले की माणसं वेडी होतात. इंग्रजी पुस, तुर्की पिसी, फारसी पीशी, पश्तो ‘पिशो’, कुर्दी ‘पिसीक’, इथपर्यंत वाट तरी दिसते. त्यातल्या फारसी, पश्तो, कुर्दी या तर शेजारणी, एकाच कुटुंबातल्या. पण मग पुढे सिंहली ‘पूसा’, तमिळ ‘पूसै’, मल्याळम ‘पूच्च’, तुळू ‘पुच्चे’. तमिळ-मल्याळमचे शब्द द्राविडी व्युत्पत्तिकोशात आपापल्या कुळात नीट बसलेले आहेत. त्यांना इंग्रज खलाशाची गरज नाही. मग हे साम्य कशाचं? उसनवारीचं, की जगभर माणसाच्या ओठांना आणि मांजराच्या कानाला एकच आवाज सोयीचा पडतो म्हणून, की निव्वळ योगायोग? प्रत्येक जोडीचं उत्तर वेगळं असू शकतं आणि ते जोडीजोडीनंच शोधावं लागतं. ‘पुस’ हा शब्द इजिप्तच्या मार्जारदेवतेच्या नावावरून आला, अशी एक लोकप्रिय कथा तुम्हाला भेटेल. तिला आधार नाही. इंग्रजीत हा शब्द सोळाव्या शतकाआधी दिसत नाही आणि मधल्या हजारो वर्षांत देवी कुठे होती हे ती कथा सांगत नाही. नुसत्या आवाजावर विसंबायचं म्हटलं तर मांजरपाटातही मांजर सापडेल.

आपल्या परंपरेत हा वाद जुना आहे. यास्कांनी निरुक्तात ‘काक’ हा शब्द त्या पक्ष्याच्या आवाजावरून आला असं म्हटलं आणि पक्ष्यांच्या नावांत असं पुष्कळदा होतं, अशी पुस्तीही जोडली. लगेच औपमन्यव नावाच्या आचार्यांचं उलट मतही नोंदवलं : आवाजाची नक्कल वगैरे काही नसते. दोन-अडीच हजार वर्षं झाली, ते दोघे अजून भांडत आहेत. गंमत अशी की पितृपक्षात कावळ्याला आपण त्याच्याच आवाजानं बोलावतो, काव काव करून. मांजराच्या बाबतीत संस्कृतनं दुसरंच टोक गाठलं. अमरकोशात मांजराला ओतु, बिडाल, मार्जार, वृषदंशक, आखुभुज् अशी पाच नावं आहेत. कुणी स्वच्छता करणारा, कुणी उंदीर खाणारा. सगळी दुरून न्याहाळून दिलेली. पाचांपैकी एकानंही मांजर येणार नाही. त्या काळच्या घरात ताटली घेऊन उभी राहणारी बाई काय म्हणायची, ते कोशकारानं तिला विचारलं नाही.

आता मांजराची बाजू. त्याला यातलं काय कळतं? जपानमध्ये अत्सुको साइतो यांनी यावर सरळ, साधे प्रयोग केले. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात 20 मांजरांना आधी अनोळखी माणसांनी मारलेली त्यांच्याच नावाची हाक ऐकवली, मग मालकाची. मालकाचा आवाज मांजरं ओळखतात हे दिसलं. पण ओळखलं म्हणजे काय केलं? कान हलवला, मान वळवली. उठून मात्र फारसं कुणी आलं नाही. 2019 च्या प्रयोगांत 78 मांजरं होती. घरातली मांजरं स्वतःचं नाव त्याच लांबीच्या इतर शब्दांतून वेगळं काढतात असं आढळलं. मांजर-कॅफेतल्या, म्हणजे गिऱ्हाइकांनी येऊन कुरवाळण्यासाठी ठेवलेल्या मांजरांना मात्र स्वतःचं नाव आणि सोबतच्या मांजराचं नाव यांत फरक करता आला नाही. तिथे कुठल्याही नावापाठोपाठ कुणालाही खाऊ मिळत असणार. आमच्या आत्याच्या तीन मांजरांना, बोक्यासकट, ‘मनी’ का चाले याचा खुलासा मला तिथे मिळाला. फ्रान्समधल्या 2022 च्या अभ्यासात तर 16 मांजरांनी मालकाचं मांजरांशी बोलतानाचं लाडिक बोलणं आणि त्याचंच माणसांशी चाललेलं बोलणं वेगळं ओळखलं. परक्यानं तसाच लाडिक सूर लावला तर त्यांना काहीच वाटलं नाही. म्हणून हाक ही भाषेची जितकी, तितकीच एका घराची असते.

तिला दुसरी बाजूही आहे. मोठी झालेली मांजरं आपापसात क्वचितच म्याव करतात. तो आवाज पिल्लाचा आईसाठी असतो, आणि माणसाच्या घरात राहिलेलं मांजर तो जन्मभर माणसासाठी राखून ठेवतं. स्वीडनच्या लुंड विद्यापीठात सुझान शॉट्झ या ध्वनिवैज्ञानिक मांजर-माणूस संवादातले हेच सूर मोजत आल्या आहेत. याचा अर्थ आत्या मांजरासाठी एक खास आवाज काढायची, तेव्हा मांजरही तिच्यासाठी एक खास आवाज काढत होतं. दोघांनीही आपापल्या जातभाईंशी तसं बोलायचं नाही असं ठरवल्यासारखं.

अशी हाक पाळीव जनावरापुरतीच असते असंही नाही. मोझाम्बिकमध्ये याओ लोक मध शोधायला रानात जातात तेव्हा ‘ब्रर्र-हम्’ असा आवाज काढतात. तो ऐकून हनीगाइड नावाचा जंगली पक्षी येतो आणि त्यांना पोळ्यापर्यंत नेतो. पोळं फोडल्यावर मेण पक्ष्याला. क्लेअर स्पॉटिसवुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2016 मध्ये मोजून दाखवलं की ही हाक घातली तर पक्षी वाट दाखवण्याची शक्यता 33 टक्क्यांवरून 66 टक्क्यांवर जाते. टांझानियातले हाद्झा याच पक्ष्याला वेगळी, सुरेल शीळ घालतात. 2023 मध्ये हे दोन आवाज अदलाबदल करून पाहिले, तेव्हा तिथला पक्षी तिथल्या हाकेलाच जास्त येतो असं दिसलं. रानातल्या पाखरालाही बोली असते. ती त्याला माणसांकडून मिळते.

या वाटेला येणाऱ्यांना कामाच्या दोन गोष्टी सांगतो. कुणालाही “तुम्ही मांजराला कसं बोलावता?” असं विचारू नका. माणूस लाजतो, शब्द सांगतो, हाक घालत नाही. सूर उतरतो, पाचाच्या ठिकाणी दोनदाच म्हटलं जातं, आणि तुमच्या हाती कोशातल्यासारखं मेलेलं काहीतरी पडतं. जेवणाच्या वेळेला जा. मासळी साफ करताना जा. ताटली हातात येऊ द्या आणि ध्वनिमुद्रण आधीच सुरू करून ठेवा. आणि फक्त बोलावणं टिपू नका. हाकलणं, दटावणं, अंथरुणातून उठवणं, सगळं घ्या, कारण एकाशिवाय दुसऱ्याचा आकार कळत नाही. घरात किती जणांची किती वेगळी हाक आहे तेही लिहा. जर्मनीत किंवा अमेरिकेत राहणाऱ्या मराठी घरांत तिथल्या संस्थेतून आणलेलं मांजर असतं. त्याला आजी सुट्टीत येऊन कुठल्या भाषेत बोलावते, आणि किती दिवसांनी ते तिचं ऐकू लागतं, हे कुणीतरी तातडीनं बघायला हवं आहे. आजी सहा महिन्यांनी परत जाते.

नोंदवहीचे रकाने तुम्ही आपापल्या सोयीनं पाडाल : गाव, बोली, वय, हाकेचे शब्द, किती वेळा, सूर चढता की उतरता, हातात काय होतं. माझ्या वहीत शेवटचा रकाना ‘मांजर आलं का?’ असा आहे. त्यात मी सुरुवातीला हो किंवा नाही लिहायचो. आता तिथे बहुतेक पानांवर ‘कान हलवला’ असं लिहिलेलं आहे.